आत्याचा श्वास आणि मोटेची चाल

लिहायला बसलो खरा, पण हात अजून मागं ओढतो. आपल्या आयुष्याविषयी लिहावं अशी ज्यांची योग्यता असते त्यांच्यात मी बसत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी जन्मभर कागदावर नांगराची निशाणी केली. आमच्या घरात लेखणी पहिल्यांदा धरली ती मी, आणि धरली तेव्हा शाई अंगरख्यावर सांडली म्हणून मायचा मारही खाल्ला. त्यातून हे प्रकरण श्वासासारख्या विषयावर. त्यावर विद्वानांनी संस्कृतात ग्रंथ लिहिले आहेत, ते मी धड वाचलेले नाहीत. मी योगी नाही, वैद्य नाही. एका विहिरीजवळ एक बाई श्वास घ्यायला शिकली, ते मी पाहिलं, एवढंच माझं भांडवल. जाणत्यांनी हे वाचलंच तर वडीलकीनं माफ करावं. न लिहावं तर ती बाई माझ्याबरोबरच जाईल, आणि ते मला सोसवत नाही.

अमरावतीच्या बाहेर, ओढ्याच्या कडेला आमचा माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, भेंडी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, कडेला शेवंती आणि झेंडू. पहाटे माय टोपली डोक्यावर घेऊन बाजारात निघे तेव्हा ओल्या मेथीचा वास तिच्या मागोमाग गल्लीभर जाई. मग कापसाचे दिवस आले. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं बाजारातले लोक सांगत. कोणाची कोणाशी लढाई हे आम्हांला माहीत नव्हतं. पण त्या लढाईनं आमची वांगी उपटली. वडिलांनी विहिरीजवळचा एक तुकडा तेवढा भाजीला ठेवला आणि बाकी साऱ्या मळ्यात कापूस लावला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली. आमच्याकडं तेवढं कधी आलं नाही, पण घरात गूळ भरपूर आला आणि अंबाडीच्या भाजीवर तेलाची धार पडू लागली.

त्या दिवसांची आठवण म्हटली की मला चवीआधी आवाज आठवतो. घरोघरी पडवीत रेचे लागले होते. रेचा म्हणजे दोन लाटण्यांचं लाकडी यंत्र. मूठ फिरवत त्यात कापूस द्यायचा, पलीकडं रुई निघते आणि अलीकडं सरकी गळते. दिवस उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत गल्लीत नुसतं कर्र-कर्र, कर्र-कर्र. बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. आणि रुईचे बारीक तुसे सगळीकडं. ते भाकरीवर बसत, पाण्याच्या माठावर तरंगत, बायकांच्या भुवया पांढऱ्या करत. संध्याकाळी माय केस झाडायची तेव्हा उन्हाच्या तिरिपेत तिच्याभोवती धुकं उठल्यासारखं दिसे. आम्हां पोरांना त्याचं कौतुक वाटे. आज माझ्या घरापासून जवळच वाफेवर चालणारा कारखाना आहे, त्याचा भोंगा वाजला की खिडक्या थरथरतात. पण त्या लाकडी कर्र-कर्रची सर त्याला नाही. ती माणसाच्या हातातून येत होती आणि माणसाच्या छातीत जाऊन बसत होती.

गोदा आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला अकोल्यास दिली होती. माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती. लहानपणी तिनंच मला कडेवर घेऊन हिंडवलं होतं, आणि मी बोलताना अडखळायचो तेव्हा घरात न हसणारी तीच एक होती. संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी तिच्या सासरची बैलगाडी आमच्या दारात थांबली. गाडीवाल्यानं बोचकं खाली ठेवलं, आत्याला उतरू दिलं, आणि पाणीसुद्धा न पिता गाडी वळवली. आत्या दारातल्या दारात बसली. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दोन शब्द बोलली की तिसऱ्यासाठी तिला थांबावं लागे.

"यमी कुठं हाये?" मायनं विचारलं. यमी म्हणजे आत्याची मुलगी. नुकती चालू लागली होती.

"ठेवून घेतली." मग थोडं थांबून, "म्हनतेत, खोकनारी बाई रेच्यावर बसत नाई, पानी आनत नाई... तिले काय पुजाची हाये? बरी झाली तं ये म्हने. नाई तं पोराले दुसरी करू."

वडील ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. ते उठले आणि रेच्याची मूठ काढून कोठीत ठेवून आले. "माह्या घरात हे आता फिरनार नाई," एवढंच म्हणाले. त्या वर्षीचा आमचा कापूस सरकीसकटच विकला गेला. पण शेजारचे रेचे कोण थांबवणार? आत्या दाराला कांबळं लावून बसायची आणि कांबळ्याच्या विणीतूनही तुसे आत येत. ती रडत नसे, कारण रडलं की श्वास लागे. यमीचं एक झबलं तिच्या बोचक्यात चुकून आलं होतं. ते ती उशाशी घडी करून ठेवी. मला तेव्हा एवढंच कळलं होतं, की आत्याला श्वास मिळाला तर यमी मिळेल, नाही तर नाही.

महाशिवरात्रीच्या सुमारास ओढ्यापलीकडच्या महादेवाच्या देवळात एक गोसावी येऊन उतरले. कानात मुद्रा, अंगावर भगवी छाटी, आणि तोंड फार फटकळ. लोक अंगारा मागायला गेले की म्हणायचे, "चुलीत राख नाई का तुमच्या?" त्यांना हिरव्या मिरच्यांचा ठेचा फार आवडे. मायनं तो माझ्या हातून पाठवायला सुरुवात केली, आणि एके दिवशी मी अडखळत अडखळत आत्याचं सांगितलं. ते जेवता जेवता ऐकत होते. बोटं चाटून म्हणाले, "माह्यापाशी दवा नाई. श्वास तिचाच हाये, तो तिले मी कुठून आनून देऊ? पन घेता येत नसंल तं सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या विहिरीवर आले. नवरा हयात असलेल्या परक्या बाईशी ते समोरासमोर बोलत नसत, तो त्यांचा नेम होता. म्हणून ते आत्याकडं पाठ करून बसले, मला समोर बसवलं, आणि सगळं मला सांगितलं. आत्या मागं वाफ्यात पदर घेऊन भेंडी तोडत होती, आणि तिचा विळा मधूनमधून थांबत होता.

"पाठ सरळ ठेव पोट्ट्या. वाकली नळी अन् पानी बंद. तोंड मीट. श्वास नाकानं घे, अन् छातीनं नको, पोटानं घे. पोट फुगलं पायजे, खांदे नाई. आता सोड. हळू सोड. घेतला त्याच्याहून सोडाले जास्त वेळ लागला पायजे. दम्याच्या मानसाले वाटते का हवा आत येत नाई. अरे, जुनी बाहेर गेली नाई तं नवी येईल कुठून?"

मग त्यांनी अंगठ्यानं एक नाकपुडी बंद करून दुसरीनं घेणं, आणि घेतलेला पहिलीनं सोडणं दाखवलं. सोडताना ओठ मिटून भुंग्यासारखा गुणगुणता आवाज काढायला सांगितला. तो आवाज कपाळात घुमला की डोकं शांत होतं, झोप लागते, असं ते म्हणाले. आणि दरडावून सांगितलं, "रोखायचा नाई. श्वास कोंडून धरनं हे शिकलेल्याचं काम हाये. ज्याच्या छातीत शिट्टी वाजते त्यानं कोंडला तं मरंल. जोर नाई, जबरदस्ती नाई. अन् मोजाचं ते देवाच्या नावानं मोजजो."

ते ओढा ओलांडून गेले तरी मी पाठ ताठ करून बसलेलाच होतो. आत्या जवळ आली. तिच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी थोडं हसू होतं. "उठ रे बयताडा," ती म्हणाली, "तुले दमा हाये का मले?"

पण नावानं मोजणं तिला जमेना. नाव घेता घेता तिचं मन यमीकडं जाई आणि श्वास तुटे. जमलं ते वेगळ्याच रीतीनं. आमची मोट सकाळी सुरू असायची. विहीर ओढ्याजवळची, उथळ. वडील बैलांना धावेवरून मागं रेटत वर आणत तेव्हा रिकामी मोट सैल दोरानं विहिरीत उतरे, आणि बैल उतारावरून खाली चालू लागले की भरलेली मोट वर येई. तेव्हा लाकडी चाक लांबलचक कुरकुरे, कुंऽऽऽई. मग काठावरच्या कुंडीत, थारोळ्यात, पाणी पडे, धबाक्. आत्या तिथंच बसून श्वास करत होती, आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की मोट उतरताना आपण श्वास घेतो आहोत आणि चाक कुरकुरताना सोडतो आहोत. त्याआधी एक मोट वर येईपर्यंत तिचे चार-पाच श्वास होत. आता एकच पुरू लागला. त्या दिवसांत वडील बैल फार हळू हाकत. "हं बाप्पा... हं... घाई नाई," असं ते बैलांना म्हणत. ते बैलांना होतं की बहिणीला, कोण जाणे.

मी गोसाव्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाव सोबत येते. मोट सोबत येत नाई. सांग तिले."

मी सांगितलं. आत्या म्हणाली, "माळ्याच्या पोरीले नाव चुकंल, मोट नाई चुकत."

चुकलो ते आम्ही सगळेच, पण त्या उन्हाळ्यात ती चूक वाटली नाही. आत्याला झोप लागू लागली. ती भाकरी चावून खाऊ लागली, आधी दोन घासांत दमायची. तिचा चेहरा उतरल्यासारखा दिसेना. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिची भीती गेली. धाप लागली की पूर्वी तिचे डोळे मोठे व्हायचे, हात कशाला तरी धरू पाहायचे, आणि त्यानं धाप आणखी वाढायची. आता ती डोळे मिटून कान विहिरीकडं लावून बसे. दमा गेला असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात मोट बंद पडली, आभाळ भरून आलं की शिट्टी परत वाजायची, आणि एक-दोनदा माय रात्रभर तिची पाठ चोळत बसली. पण दसऱ्यानंतर मोट सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत आत्या ओढ्यावरून भरली घागर घेऊन चढण चढू लागली, मध्ये न थांबता. माझाही फायदा झाला. समोर बसून मीही रोज श्वास करत होतो. बोलण्याआधी एक मोट खाली सोडायची आणि मग ती वर येताना बोलायचं, अशी मला सवय लागली. माझं अडखळणं अर्ध्यावर आलं. आजही चार लोकांत बोलायची वेळ आली की मी आधी मनातल्या मनात मोट सोडतो. लोकांना वाटतं, म्हातारा विचार करतोय.

दिवाळीनंतर आत्याची सासू मुलाबरोबर अमरावतीच्या बाजारात कापूस घेऊन आली आणि आमच्याकडं उतरली. बाई उंच, हाडकुळी, आवाज फाटका. माहेरची तीही माळ्याचीच होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी ओट्यावर दात घासत बसली आणि आत्या ओढ्यावरून येताना वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. मग मायला म्हणाली, "ईनबाई, नेतो हिले. पन सांगून ठेवतो, आखाजीपावतर पाह्यतो. पुन्हा आडवी पडली तं आखाजीले माहेरी येईल ते कायमचीच."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येण्याचा सण. आत्या गाडीत बसली. बैल जोडत होते तोवर ती मोटेकडं पाहत होती.

मला अकोल्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं वडिलांनी त्याच हिवाळ्यात ठरवलं. बाजारातल्या कोणी मोठ्या माणसानं पोराला शिकव म्हणून सांगितलं होतं, हे खरं. पण निघताना वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिकजो ते शिकजोच. पन गोदीकडे पाह्यत जाय." मुलीच्या सासरी माहेरच्यांनी मुक्काम करायचा नाही, पाणीही प्यायचं नाही, ही आमच्या लोकांची रीत. म्हणून माझी सोय एका ओळखीच्या माणसाकडं केली होती. तिथून मोर्णा नदीच्या काठानं गेलं की आत्याच्या घराची मागची भिंत लागे. मातीची भिंत, आत एक कडुनिंब आणि एक दगडी पायरी. शाळेत जाण्याआधी मी तिथं जाई आणि भिंतीबाहेरून हाक मारी. आत जाऊन बसणं बरं दिसलं नसतं.

पहिल्या काही दिवसांत ती बरी होती. कडेवर यमी असे. यमीनं आईला ओळखायला आठवडाभर घेतला होता, आणि आता ती तिच्या लुगड्याचा काठ क्षणभर सोडत नसे. पण घराच्या पडवीत दोन रेचे होते. त्यांची कर्र-कर्र मला बाहेर ऐकू यायची. हळूहळू आत्या भिंतीशी यायला वेळ लावू लागली. एके दिवशी ती आली, आणि ती जवळ येण्याआधी मी शिट्टी ऐकली.

"करत नाईस का?" मी विचारलं.

"करतो रे." ती भिंतीला टेकली. "पहाटी उठून या पायरीवर बसतो. पन इथं मोट नाई, नाम्या. कानात रेचाच फिरते. श्वास बी तसाच होते मंग... कर्र-कर्र. बारीक बारीक." तिनं यमीला खाली ठेवलं आणि छाती धरली. "बोवा म्हनत होते ना, मोट सोबत येत नाई."

तो दिवस मी शाळेत कसा काढला ते आठवत नाही. आखाजी फार लांब नव्हती. मी अडखळणारा, कोणाशी मान वर करून न बोलणारा मुलगा. सासूला जाऊन रेचे बंद करा म्हणणं माझ्या हातून झालं नसतं, आणि झालं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत मी भिंतीशी गेलो. आत पायरीवर आत्या बसल्याची चाहूल लागली. मी इकडंतिकडं पाहिलं. नदीकाठी कोणी नव्हतं. मग मी तोंड उघडलं आणि चाकासारखा आवाज काढला. कुंऽऽऽई.

आतला खोकला थांबला.

मी वडिलांसारखं म्हटलं, "हं बाप्पा... हं... घाई नाई." मग थारोळ्यात पाणी पाडलं, "धबाक्." मग मोट खाली सोडली. ते कसं सोडायचं हे मला सुचेना, म्हणून जिभेनं सैल दोराचा खडखडाट केला. आत आत्या आधी हसली असावी, कारण तिला ठसका लागला. पण मग ती लयीत आली. भिंतीपलीकडून मला तिचा सोडलेला श्वास ऐकू येई, आणि तो संपेपर्यंत मी चाक कुरकुरत ठेवी.

ही मोट मी रोज चालवू लागलो. चार-सहा दिवस गेले असतील. एका पहाटे चाक मध्यावर आलं असताना आतून फाटका आवाज आला, "कोन हाये रे तिकळे? कोनाचा बैल मरून राह्यला?"

माझी मोट विहिरीतच राहिली. भिंतीवरून सासूचं डोकं वर आलं. ती आतल्या बाजूला दगडावर चढली होती. तिनं मला पाहिलं, मागं वळून पायरीवर ताठ बसलेल्या सुनेला पाहिलं.

"काय लावलं हे?"

मी नेहमीसारखा अडकलो. आत्याच बोलली, पण एकेक शब्द जपून. "मोट हाये, सासूबाई. तिच्यावर श्वास धरतो मी. माहेरी असंच बरं वाटलं. इथं मोट नाई म्हून तो करते."

मी कानापर्यंत तापलो होतो. सासू म्हणाली, "मोटेले बैल दोन लागतेत. हा तं एकटाच हाये." आणि उतरून आत निघून गेली.

मला वाटलं, संपलं. त्या दिवशी मला थंडी वाजून ताप भरला, आणि दोन-तीन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. पडल्या पडल्या एकच डोक्यात येई, की आज मोट नाही, आत्या पायरीवर बसली असेल आणि कानात रेचा. ताप उतरला त्या पहाटे मी भिंतीला हात धरत धरत नदीकाठानं निघालो. कडुनिंब दिसू लागला तेव्हाच मला तो आवाज आला.

चाक कुरकुरत होतं.

ते चाक फाटकं होतं, खरखरीत होतं. कुंऽऽऽई म्हणताना मध्ये त्याचा घसा बसत होता, पण लय पक्की होती. माझ्यापेक्षा पक्की, कारण माझी ऐकून शिकलेली होती आणि ही कुण्या माळ्याच्या घरी जन्मल्यापासून अंगात मुरलेली होती. "चाल रे ढवळ्या... चाल माह्या राज्या..." मग मोट वर आली, आणि एका लहान पोरीनं टाळी वाजवून, किंचाळून म्हटलं, "धबाऽऽक्!" दोघी हसल्या. तिसरी हसली नाही, कारण तिसरी श्वास सोडत होती. लांब, सावकाश, न तुटता.

श्वास सरला तशी तीही हसली. "हस नको गं तू," सासू सुनेला म्हणत होती. "श्वास कर. मले काय हौस हाये या वयात बैल व्हायाची? हे पोट्टी रातभर रडते तू खोकलीस का. अन् ऐक, उद्यापासून तुहा रेचा इथं कडुलिंबाखाली मांडतो. वाऱ्यानं तुसे तं जातीन."

मी भिंतीबाहेर उभा होतो. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. मला आनंद झाला होता, हे अगदी खरं आहे. तरी त्याच्या तळाशी काही तरी हललं. माझी मोट आता लागणार नव्हती. मी परत फिरलो आणि मोर्णेच्या पाण्यात पाय सोडून बसलो. त्या सकाळचं ऊन, पाण्याचा वास, मागून अस्पष्ट येणारं ते "धबाक्", हे आजही माझ्या मनात असं आहे की कधी कधी जाग येते ती त्याच आवाजानं. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी राहिलो. पण परत जायला मिळालं तर कुठं जाशील, असं कोणी विचारलं, तर मी त्या भिंतीच्या बाहेरची जागा मागेन. आतलीही नाही.

आखाजीला आत्या माहेरी आली, आणि चार दिवस राहून सासूच्याच गाडीतून परत गेली. पुढं तिकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव बसला. आम्ही पुन्हा वांगी लावली. मी शाळा संपवून मुंबईस कॉलेजात गेलो. आमच्या जातीत, आमच्या घरात पहिलाच. तिथं खोलीच्या खिडकीशी बसून, परीक्षेच्या भीतीनं छाती धडधडत असताना, मी मोट चालवायचो, तोंड मिटून, मनात. एका वर्षी सुटीत अकोल्यास उतरून भिंतीशी गेलो तर आत दुसरीच माणसं होती. मंदीत आत्याच्या घरच्यांनी घर मोडलं होतं आणि निजामाच्या मुलखात कुठंतरी जमीन मिळते म्हणून निघून गेले होते. कुठं, हे शेजाऱ्यांना सांगता आलं नाही. कडुनिंब तेवढा होता. मग वडील गेले, माय गेली, माझी नोकरी दूर नर्मदेकडं. आत्याला लिहिता येत नव्हतं. मी विचारत राहिलो, जत्रांत, बाजारांत, गाडीच्या डब्यांत. वर्षं गेली तशी विचारायलाही लाज वाटू लागली, कारण आपण काय विचारतो हे लोकांना कळत नसे. एका बाईला श्वास येतो का, हे कोणाला कसं विचारायचं?

नोकरी संपवून मी अमरावतीस येऊन राहिलो. गेल्या हिवाळ्यात एके सकाळी दारात एक प्रौढ बाई उभी राहिली. उंच, हाडकुळी, केसांत पांढरं. बाजारात कोणा जुन्या माळणीकडून तिला माझा पत्ता लागला होता. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, मी यमी."

मी बोलायला गेलो आणि साठ वर्षांचा मी पंधरा वर्षांच्या मुलासारखा अडखळलो. ती थांबली. घाई केली नाही. मग माझ्याकडं नीट पाहून हसली. "म्हंजे तुमी खरंच मानूस हाये. मले लहानपनी वाटे, नाम्या हा बैल हाये. माय रोज पहाटी म्हने, चाल नाम्या, घाई नाई. आजी जिवंत होती तवर आजी करे, मंग मी करो. मी कितीक वर्सं समजत होती का आजोळी नाम्या नावाचा लय गुनाचा बैल होता."

मी विचारलं, आणि ते विचारायला मला दोन मोटा सोडाव्या लागल्या, "आत्या?"

"दोन वर्सं झाली." ती ओट्यावर बसली. "लय जगली दादा, दमा घेऊन लय जगली. माह्या पोरायची लग्नं पाह्यली तिनं. त्या दिवशी बी पहाटी उठून बसली, भिंतीले टेकून. मी म्हटलं, करू का? मानेनं हो म्हटलं. मी चाक धरलं. मोट खाली गेली, तिनं श्वास घेतला. बैल उतरले. हळू हळू सोडला, एवढा लांब तिनं कधी सोडला नवता, माह्या घशातलं चाक सरलं तरी तिचा चालूच होता." यमीनं पदर तोंडाला लावला, मग बाजूला केला. "मोट वर आली. मी धबाक् म्हटलं. अन् मंग खाली सोडाची म्हून थांबली, तं मायचा श्वास काई आला नाई. मोट तशीच रिकामी वर राह्यली, दादा."